‘द एंटरटेनर’ आणि त्याचा खरा वेग

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा वर्षांची मुलगी तीन वर्षं पियानो शिकतेय. अमेरिकन संगीतकार स्कॉट जॉप्लिनच्या ‘द एंटरटेनर’ या पियानोरचनेची सोपी आवृत्ती तिला पाठ झाली म्हणून घरच्यांनी मूळ नोटेशन आणून दिलं, तर दोन हातांचा मेळच बसेना. यूट्यूबवर कोणी ही रचना सुसाट पळवतं, कोणी निवांत वाजवतं. मग खरा वेग कोणता, याला जॅझ म्हणायचं का, आणि ही रचना मुळात आली कुठून?

वेगापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यातून उलगडतं. १९०२ च्या मूळ छापील प्रतीत सुरुवातीलाच वेगाची सूचना आहे आणि ती दोनच शब्दांची आहे: ‘नॉट फास्ट’. जलद नको. ही रचना म्हणजे रॅग, रॅगटाइम या शैलीतली: डावा हात सरळ ठेका धरतो आणि उजव्या हाताची चाल त्यावर सरकत राहते. जॉप्लिनने पुढच्या काही रॅगांवर तर ठळक सूचनाच छापून घेतली की ही रचना जलद वाजवू नका, रॅगटाइम जलद वाजवणं कधीच बरोबर नसतं. १९०८ साली त्याने ‘स्कूल ऑफ रॅगटाइम’ नावाची सहा सरावपाठांची छोटी पुस्तिका काढली, तिथेही त्याने हेच बजावलं. इतक्यांदा सांगावं लागलं, कारण त्या काळातल्या सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यांत, पियानोवाल्यांच्या चढाओढी लागत आणि बोटांचा वेग दाखवणं हा त्यातला हमखास टाळ्यांचा मार्ग होता. जॉप्लिनला आपली रचना त्या चढाओढीतून बाहेर काढायची होती. शोपँ हा युरोपीय अभिजात संगीतकार जसा छापल्याप्रमाणे वाजवतात, तसा आपला रॅग वाजवला जावा, ही त्याची इच्छा त्याने लिहिलेल्या प्रत्येक सूचनेत दिसते.

माझ्या मते सेकंडात एकापेक्षा थोडे जास्त ठोके, म्हणजे मेट्रोनोम (टिकटिक करून ठोका देणारं यंत्र) ७२ च्या आसपास, हा या रचनेचा सुखाचा वेग आहे. सगळ्या पुनरावृत्त्या धरून ती साधारण सव्वाचार मिनिटं चालते. ८४ च्या पुढे गेलात की रचनेतली मुख्य गंमत कानातून निसटते. ती गंमत नेमकी कशात आहे, ते पहिल्या ओळखीच्या ओळीतच बघू.

आपल्या पद्धतीने लिहितो. मधल्या सी ला षड्ज धरा. रे आणि कोमल गंधार असे दोन झटपट स्वर घेऊन चाल शुद्ध गंधारावर येते आणि तिथून थेट वरच्या सा वर उडी मारते. मग पुन्हा ग-सां, पुन्हा ग-सां. हा बार, म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन, दोन ठोक्यांचा, आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले तर आठ घरं होतात. त्या आठ घरांत दोन हात असे बसतात (खर्ज म्हणजे खालचा स्वर, कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले काही स्वर, ऽ म्हणजे नवा स्वर नाही):

उजवा हात: ग सां ऽ ग सां ऽ ग सां
डावा हात: खर्ज ऽ कॉर्ड ऽ खर्ज ऽ कॉर्ड ऽ

डावा हात दोन-दोन घरांनी चालतोय, अगदी सरळ. उजवा हात तीन, तीन आणि दोन अशी विभागणी करतोय. म्हणून ग-सां ही एकच जोडी तिन्ही वेळा वेगळ्या जागी पडते. पहिला गंधार खर्जावर बरोबर बसतो. दुसरा चौथ्या घरात, म्हणजे खर्जाच्या अगदी तोंडावर येतो. तिसरा कॉर्डबरोबर वाजतो. स्वर तेच, बोटं तीच, पण प्रत्येक वेळी खालचा ठेका त्यांना वेगळा अर्थ देतो. आणि शेवटचा सां आठव्या घरात लागून तसाच पुढच्या बारमध्ये ओढला जातो. म्हणजे पुढची सम, बारचा पहिला ठोका, येते तेव्हा उजवा हात काहीच वाजवत नाही, फक्त स्वर धरून ठेवतो. सम एकटा डावा हात दाखवतो.

तबला ऐकणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल की हा आराखडा तिहाईचा, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येण्याचा, आहे. ग-सां तीनदा, मध्ये एकेका घराचा दम. हीच तिहाई एक घर उशिरा उचलली असती तर शेवटचा सां बरोबर समेवर पडला असता. जॉप्लिन ती एक घर आधी उचलतो, म्हणून ती समेच्या एक घर अलीकडे संपते आणि ऐकणाऱ्याचा तोल किंचित पुढे जातो. पाय आपोआप ठेका धरतो तो या क्षणी. तिहाई जॉप्लिनच्या ऐकण्यात नव्हती, हे उघड आहे. त्याच्याकडे तीन-तीन-दोनची ही चाल आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या माणसांच्या टाळ्या, नाच आणि बँजो यांतून आली. पण आपल्या कानाला ती समजायला अवघड जात नाही, आणि हिंदुस्तानी संगीत थोडंफार ऐकलेल्या विद्यार्थ्याला मी ती नेहमी याच वाटेने शिकवतो. हाताने समेची टाळी द्या आणि तोंडाने उजव्या हाताचा भाग म्हणा. पियानोला हात लावायच्या आधी हे जमलं पाहिजे.

आता वेगाचा मुद्दा पुन्हा बघा. आठ घरांतली ही सरकवासरकव कानाला कळायची तर प्रत्येक घर वेगळं ऐकू यायला हवं. वेग वाढला की घरं एकमेकांत मिसळतात, आणि उरते ती फक्त टणाटण. सोप्या आवृत्त्यांमध्ये तर बहुतेक वेळा ही घरंच काढून टाकलेली असतात. लहान मुलांना अवघड जाऊ नये म्हणून शेवटचा सां सरळ पुढच्या समेवर नेऊन ठेवतात आणि डावा हात अर्ध्यावर आणतात. चाल ओळखू येते, पण रॅग शिल्लक राहत नाही. तुमच्या मुलीचे हात जुळत नाहीत याचं कारण हेच आहे. तिला ती चाल सरळ ठोक्यावर पाठ झालीय आणि मूळ पान तीच चाल ठोक्याच्या अलीकडे मागतंय. तिच्यात काही कमी नाही. आधीचं थोडं विसरावं लागेल, एवढंच.

पार्श्वभूमीकडे येतो. जॉप्लिनचा जन्म १८६७ च्या उत्तरार्धात किंवा १८६८ च्या अगदी सुरुवातीला, ईशान्य टेक्सासमध्ये. वडील गुलामगिरीत जन्मलेले. टेक्सारकाना गावात ज्युलियस वाइस नावाच्या जर्मन शिक्षकाने या मुलाचा कान ओळखला आणि त्याला युरोपीय संगीताची गोडी लावली. पुढे तो मिसुरी राज्यातल्या सिडेलिया या रेल्वेच्या गावी राहिला. तिथे बँडमध्ये कॉर्नेट हे तुतारीसारखं वाद्य वाजवलं, पियानो शिकवला. १८९९ मध्ये जॉन स्टार्क या तिथल्या प्रकाशकाने त्याचा ‘मेपल लीफ रॅग’ छापला. करारात दर प्रतीमागे एक सेंट रॉयल्टी लिहिलेली होती. रक्कम किरकोळ वाटते, पण कृष्णवर्णीय संगीतकाराची रचना थोडे डॉलर हातावर ठेवून कायमची विकत घेण्याच्या त्या काळात विक्रीतला वाटा मिळणं ही मोठी गोष्ट होती. तो रॅग तुफान खपला आणि जॉप्लिनला सलूनमधल्या रात्री कमी करून लिहायला बसता आलं.

१९०१ च्या सुमारास तो सेंट लुईसला आला. तिथे मॉर्गन स्ट्रीटवर, आजच्या डेलमार बुलव्हार्डवर, भाड्याच्या घरात राहत असताना ‘द एंटरटेनर’ लिहिला गेला. ते घर आज राज्याचं स्मारक म्हणून जपलेलं आहे. त्याच सुमारास तो एका ऑपेराच्या तयारीला लागला होता. बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय नेत्यांना राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०१ मध्ये व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं, त्यावरून देशभर गदारोळ झाला. ‘अ गेस्ट ऑफ ऑनर’ या ऑपेराचा विषय तो होता. १९०३ मध्ये त्याचे प्रयोग झाले, पण त्याचं संगीत आज उपलब्ध नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘द एंटरटेनर’ हा गमतीचा तुकडा आहे असं समजून लोक त्याला हात घालतात. लिहिणारा माणूस त्या वेळी ऑपेराचा विचार करत होता.

पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर मात्र रंगमंचावरच्या कृष्णवर्णीय कलाकाराचं व्यंगचित्र आहे, त्या काळच्या मिन्स्ट्रेल खेळांच्या धाटणीचं. गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची नक्कल करत, तो हा प्रकार. रॅगटाइम या नावाखाली तेव्हा अशी वंशद्वेषी गाणीही ढिगाने खपत होती. मुखपृष्ठ पाहून आत उघडावं, तर आत एकाही स्वरात विदूषकी नाही. मला हा विरोध फार बोचतो, आणि विद्यार्थ्यांना मी ते मुखपृष्ठ दाखवतो ते म्हणूनच. ही रचना कुठल्या बाजारात उभी राहून स्वतःची प्रतिष्ठा राखत होती, हे त्याशिवाय कळत नाही.

आत पहिल्या पानावर अर्पणपत्रिका आहे: जेम्स ब्राउन आणि त्यांच्या मँडोलिन क्लबला. १९०० च्या आसपास अमेरिकेत मँडोलिनच्या हौशी मंडळांचं पेव फुटलं होतं. ही अर्पणपत्रिका वाजवणाऱ्याला उपयोगी पडते. दुसऱ्या भागात जॉप्लिनने सूचना दिली आहे की पुनरावृत्ती एक सप्तक वर घ्या. पियानोच्या वरच्या पट्ट्यांवर तो भाग हलक्या हाताने वाजवला की आवाज तारांच्या छेडण्याकडे झुकतो. बहुतेक जण ही सूचना वाचतच नाहीत आणि तोच भाग तसाच दोनदा वाजवतात. जरूर पाळा. पूर्ण रचनेतला सर्वांत नाजूक रंग तिथे आहे.

रचनेचा सांगाडा मार्चचा, म्हणजे बँडवर वाजणाऱ्या कूचगीताचा, आहे. सुरुवातीला चार बारांची ओळख, दोन्ही हात एकच चाल सप्तकांच्या अंतराने वाजवत वरून खाली उतरतात, तीन टप्प्यांत. मग सोळा-सोळा बारांचे चार भाग. पहिला दोनदा, दुसरा दोनदा, पहिला परत एकदा, तिसरा दोनदा, मग चार बारांचा छोटा दुवा आणि चौथा दोनदा. दोन ठोक्यांचा बार, डाव्या हाताचं खर्ज-कॉर्ड हे चालणं, तिसऱ्या भागात स्वर बदलून सी मेजरवरून एफ मेजरला जाणं, हे सगळं लष्करी बँडच्या मार्चमधून आलेलं. मूळ छापील प्रतीवर ‘रॅगटाइम टू-स्टेप’ असं लिहिलंय, आणि टू-स्टेप हा नाच तर सूझा या अमेरिकन बँडप्रमुखाच्या मार्चवरच लोकप्रिय झाला होता. पण बरेचसे मार्च त्या नव्या स्वरातच संपतात. जॉप्लिन तसं करत नाही. तो छोटा दुवा घालून पुन्हा सी मेजरला परततो आणि चौथा भाग घरच्या षड्जावर संपवतो. त्यामुळे तिसऱ्या भागाला मध्यंतराची शांतता मिळते. तो भाग थोडा दबक्या आवाजात वाजवावा, असं माझं मत आहे.

पहिल्या भागात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी. ग-सांची चाल मधल्या पट्टीत, एकेरी स्वरांत येते. लगेच तिला उत्तर येतं ते वरच्या सप्तकात, भरलेल्या कॉर्डांतून. एकाने म्हणावं आणि सगळ्यांनी झेलावं अशी ही मांडणी आहे, आणि कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या व शेतावरच्या गाण्यांत ती पूर्वापार आहे. पहिलं वाक्य हळू आणि उत्तर जोरात, एवढं पाळलं तरी वाजवण्यात जीव येतो. सगळं एकाच आवाजात वाजवलं की सोळा बारही लांब वाटतात.

हे जॅझ आहे का? नाही. रॅगटाइममधून जॅझला पुष्कळ मिळालं, पण जॉप्लिनचा रॅग ही पूर्णपणे लिहिलेली रचना आहे. उत्स्फूर्त विस्ताराला त्यात जागा ठेवलेली नाही. दुसरा फरक कानाने ओळखायचा आहे. जॅझमध्ये ठोक्याचे पोटभाग लांब-आखूड असे झोक्यात घेतात, त्याला स्विंग म्हणतात. इथे मात्र ती आठ घरं अगदी सारखी हवीत. डोलण्याचा परिणाम तीन-तीन-दोनच्या मांडणीतून आपोआप येतो. वर आणखी घरं वाकडी केलीत तर एकावर एक दोन झोके चढतात आणि चाल लंगडते. यूट्यूबवरची अर्धी वादनं मला या एका कारणासाठी पटत नाहीत.

गोंधळ वाढवला तो १९७३ च्या ‘द स्टिंग’ या चित्रपटाने. ठगांची ही कथा घडते १९३६ मध्ये, शिकागोत. तोवर रॅगटाइमचा काळ कधीच संपलेला होता आणि जॉप्लिनला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. १ एप्रिल १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात तो गेला. पण चित्रपटाला मार्विन हॅमलिशने जॉप्लिनचे रॅग वापरून संगीत दिलं, त्याला ऑस्कर मिळालं, आणि १९७४ मध्ये ‘द एंटरटेनर’ अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेला. तेव्हापासून जगभर लोकांच्या मनात ही चाल गुंडगिरीच्या, दारूबंदीच्या जुन्या शिकागोशी जोडली गेली. कीबोर्डच्या डेमो गाण्यांपासून मोबाइलच्या रिंगटोनपर्यंत ती आपल्याकडे पोचली, तीही या लाटेनंतर.

चित्रपटाच्या आधी जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९७० मध्ये जॉशुआ रिफकिन या पियानोवादक आणि संगीत-अभ्यासकाने नॉनसच या कंपनीसाठी जॉप्लिनच्या रॅगांची तबकडी काढली. ही कंपनी अभिजात संगीताची. रिफकिनने रॅग छापल्याप्रमाणे, सावकाश, कुठलीही झिलई न चढवता वाजवले. लोकांनी ते पहिल्यांदाच रचना म्हणून ऐकले. मुलीला एकच वादन ऐकवायचं असेल तर हे ऐकवा. स्वतः जॉप्लिनच्या वादनाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. १९१६ मधल्या काही पियानो-रोल (पियानो आपोआप वाजवणाऱ्या, भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या) आहेत, पण त्यांत ‘द एंटरटेनर’ नाही, आणि तोपर्यंत आजाराने त्याचे हात थकलेले होते. त्यामुळे त्याच्या मनातल्या वेगाचा सर्वांत भरवशाचा पुरावा छापील पान हाच आहे. त्याच्या कबरीवर दगड बसला तोही १९७४ मध्ये, आणि १९७६ मध्ये मरणोत्तर विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला.

आता सरावाचं. सुरुवातीचे दोन आठवडे फक्त डावा हात घ्या. खर्जाचं सप्तक वाजवलं की बोटं लगेच कॉर्डवर नेऊन पट्ट्यांना नुसती टेकवा, थांबा, मग दाबा. उडी जलद आणि वाजवणं सावकाश, हे दोन वेगळे व्हायला हवेत. बहुतेक मुलं उडीही सावकाश मारतात, मग कॉर्ड उशिरा पडते आणि ठेका गडबडतो. खर्ज थोडा भारदस्त, कॉर्ड हलकी. दोन्ही सारख्या आवाजात आल्या तर डावा हात उजव्याला गिळतो. वजनदार पट्ट्यांच्या पियानोवर हा फरक बोटांना कळतो, हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर कळत नाही. निदान क्लासमध्ये तरी तिला खऱ्या पियानोवर हे करू द्या.

पियानोवर एक सप्तक म्हणजे सुमारे साडेसोळा सेंटिमीटरचा ताण. बाराव्या वर्षी हात तेवढा पसरत नसेल तर ओढूनताणून वाजवायला लावू नका. डाव्या हातात सप्तकातला फक्त खालचा स्वर ठेवा. उजव्या हाताच्या भरलेल्या कॉर्डांमधले आतले स्वर गाळा आणि वरचा, चालीचा स्वर ठेवा. जागा मात्र एकाही घराने हलवायची नाही. स्वर गाळले तर रचना थोडी विरळ होते, जागा हलवल्या तर ती मोडते. मनगटात किंवा कोपराखाली दुखायला लागलं की त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा.

दोन हात एकत्र करताना मेट्रोनोम प्रत्येक कॉर्डाला आणि प्रत्येक खर्जाला वाजेल असा लावा, म्हणजे बारमध्ये चार टिकटिक, वेग ६० ते ६६. एका वेळी दोनच बार. शेवटचा सां बांधलेला, म्हणजे पुढच्या बारमध्ये ओढलेला, आहे हे तिला सतत सांगावं लागेल, कारण हात सवयीने समेवर पुन्हा सां वाजवतो. तिथे एक युक्ती चालते. त्या समेला उजव्या हाताने पट्टी धरूनच ठेवायची आणि तोंडाने मोठ्यांदा ‘सम’ म्हणायचं. पेडल, म्हणजे पायाने दाबून स्वर लांबवायची पट्टी, सुरुवातीला अजिबात नको. नंतरही सुरुवातीच्या चार बारांत आणि तिसऱ्या भागात थोडंसं, बाकी कोरडंच. पेडल दाबलं की उजव्या हाताच्या मधल्या रिकाम्या घरांत आवाज साचतो आणि ती घरं भरून जातात.

पहिला भाग ७२ ला, म्हणजे बारमध्ये दोनच टिकटिक धरून, स्वच्छ आला की चौथा घ्या, मग दुसरा, तिसरा शेवटी. तिसऱ्या भागात मोठ्या कॉर्डा जवळजवळ आहेत, हात मोठा होईपर्यंत तो थांबला तरी चालेल. ‘मेपल लीफ’ मागेल ती, सगळेच मागतात, पण त्यात डाव्या हाताचं काम बरंच अवघड आहे. तो दोन वर्षांनी. त्याआधी १९०१ चा ‘द ईझी विनर्स’ बसवा, आणि नाव वाचून तो सोपा असेल असं समजू नका. मग १९०९ चा ‘सोलेस’. तो हबानेरा या क्यूबन नाचाच्या ठेक्यावर चालतो, त्यामुळे डाव्या हाताला खर्ज-कॉर्डच्या चालण्यातून सुटका मिळते आणि सावकाश वाजवणं म्हणजे काय हे बोटांना कळतं.